एन्ड्युरो शर्यतीसाठी संरक्षक साधने कोणती घ्यावीत?

प्रश्न : मी प्रथमच एन्ड्युरो प्रकारच्या माउंटन बाइक शर्यतीत उतरणार आहे. छाती-पाठीचे कडक चिलखत घ्यावे, की गुडघ्यांचे पॅड पुरतील? – एक वाचक, पुणे

उत्तर : एन्ड्युरोमध्ये वेळ फक्त उताराच्या टप्प्यांची मोजली जात असली, तरी मधले चढ बहुधा स्वतःच पेडल मारून पार करायचे असतात, त्यामुळे कडक चिलखत दिवसभर सोसवत नाही, आणि घामाने हैराण होऊन पिशवीत टाकलेले साधन पडण्याच्या क्षणी काहीच कामाचे नसते. हनुवटी झाकणारे, हवेशीर फुल-फेस हेल्मेट आणि गुडघ्यांचे पॅड यांवर मात्र तडजोड करू नका. एरवी मऊ राहणारे व आघात होताच कडक होणारे पॅड घ्यावेत. दुकानातच ते चढवून वीस उठाबशा काढा. वरचा पट्टा घसरला किंवा गुडघ्यामागे शिवण रुतली, तर माप चुकले असे समजा. पाठीसाठी जर्सीखाली घालायचे पातळ जाकीट उत्तम. त्यावर ईएन १६२१-२ हे पाठीच्या संरक्षकांसाठीचे युरोपीय मानक आहे का, ते पाहा : आघात-चाचणीत, पहिल्या पातळीत संरक्षकातून पलीकडे, म्हणजे शरीराच्या बाजूला, पोहोचणारे सरासरी बल १८ किलोन्यूटनपर्यंत (किलोन्यूटन हे बलाचे एकक) चालते, दुसऱ्या पातळीत ९ पर्यंतच. जास्त संरक्षणासोबत येणारा उकाडा सोसणार असेल, तर मी दुसरीच पातळी सुचवेन. खरेदीपूर्वी आपल्या शर्यतीची नियमावलीही वाचा.