वाचकांचे प्रश्न : गाणे, संगणक आणि धंदा एकाच लेखात

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. गूळ व्यापाऱ्यांना हिशेबाची सॉफ्टवेअर करून देणे हा माझा व्यवसाय आहे आणि संध्याकाळी मी जयपूर-अत्रौली घराण्याचे गाणे शिकतो. आमच्या वर्गातील एका दृष्टिहीन विद्यार्थिनीला मोबाइलवरचे तंबोऱ्याचे ॲप वापरता येत नव्हते, कारण पडदा वाचून दाखवणारी प्रणाली जागोजागी नुसते ‘बटण, बटण’ म्हणत असे. तिच्या सल्ल्याने मी नवे ॲप केले. आता ते विकतो, आणि सर्वच ॲप दृष्टिहीनांना वापरता यावीत म्हणून ठिकठिकाणी बोलतोही. हे सगळे लिहायचे आहे. पण स्नेही म्हणतात की गाण्याच्या वाचकाला संगणक नको असतो आणि स्वतःच्या मालाविषयी लिहिले की ती जाहिरात होते. वेगवेगळे लिहावे की एकत्र?

उत्तर : एकत्र लिहा, मात्र चार विषयांची मोट बांधायला जाऊ नका. विषयांच्या परस्परसंबंधापासून सुरुवात केलीत, तर दुसऱ्याच परिच्छेदात लेखाचे भाषण होईल. त्याहून भक्कम गोष्ट तुमच्या हाती आहे, ती म्हणजे ते बटण.

पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, निवडण्याच्या जागी बहुधा इंग्रजी अक्षर आणि शार्पची खूण असते. डोळस गायक ती पाहून मनात ‘काळी एक’ (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) म्हणतो. पण ऐकूनच काम करणाऱ्या विद्यार्थिनीच्या कानावर ‘काळी एक’ हेच शब्द पडायला हवेत, कारण गुरूंनी तिला पट्टी त्याच शब्दांत सांगितलेली असते. बटणाला नाव काय द्यावे, हा प्रश्न गाण्याचा आणि सॉफ्टवेअरचा एकदमच आहे. पंचमाऐवजी मध्यमावर किंवा निषादावर तार मिळवण्याची सोय कुठे ठेवली, तंबोरा चालू असताना वाचून दाखवणारा आवाज स्वरात घुसू नये म्हणून काय केले, हे बारकाईने लिहा. मग या कामाचा खर्च किमतीत कसा धरला आणि तिने केलेल्या चाचणीचा मोबदला तिला दिला का, हेही लिहा. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ज्यांच्या हक्कांविषयी आपण बोलतो त्यांचेच श्रम फुकट घेणे कोणत्याही चळवळीला शोभत नाही. मसुदा तिला आधी वाचून दाखवा. तिचे नको असलेले तपशील गाळा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सुगम्यतेची, म्हणजे सेवा दिव्यांगांनाही वापरता येतील हे पाहण्याची, जबाबदारी सरकारपुरती न ठेवता खासगी सेवा देणाऱ्यांवरही टाकतो, ही माहिती शेवटी मागणीसारखी न चिकटवता याच प्रसंगात द्या.

स्नेह्यांना हे विषय लांबलांबचे वाटत असतील, तर त्यांना १९५७ चा कॉपीराइट कायदा दाखवा. त्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. आणि २०१२ च्या ज्या दुरुस्तीने चित्रपट व ध्वनिमुद्रणातील गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा त्यांनाही सोडून देता येणार नाही असे ठरवले, तिनेच दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात कृती उपलब्ध करून देण्याची मुभा दिली. कोल्हापुरात तर याचे नवल वाटायला नको. तुमच्या जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांना दरबारी आश्रय देणाऱ्या शाहू महाराजांनीच १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या. तरीही हा दाखला लेखात देऊ नका. तुमच्या बटणाला एवढ्या मोठ्या नावाचा आधार लागत नाही.

जाहिरातीची भीती रास्त आहे. हे ॲप तुम्ही विकता, हे पहिल्याच परिच्छेदात सांगा, म्हणजे पुढचे सारे वाचक त्या जाणिवेने वाचेल. तुमच्या ॲपला अजून काय जमत नाही ते लिहा, आणि बटणांना नावे देण्याची रीत इतकी उघड करून सांगा की तुमच्या प्रतिस्पर्ध्यालाही ती उद्या वापरता येईल. इतके केल्यावर लेख जाहिरात राहत नाही.

प्रश्न : गुरूंनी वर्गात गायलेली बंदिश मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली आहे. माझ्या लेखासोबत ती ऐकवावी का?

उत्तर : गुरूंनी लेखी परवानगी दिली तरच. बंदिश जुनी आणि कोणाच्याही मालकीची नसली, तरी गाणाऱ्याचा आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो आणि आपल्या कायद्यात तो ५० वर्षे टिकतो. शिवाय शिकवताना गुरू थांबतात, एखादी जागा मुद्दाम चुकवून दाखवतात. ते गाणे मैफिलीचे नसते. ते ‘नको’ म्हणाले, तर बंदिशीचे स्वरलेखन चालेल का, एवढे विचारा.