चौकशीतली शेजारची खुर्ची

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी जागाच होतो. तुरुंगात इतकी वर्षं रात्रपाळ्या केल्या की निवृत्तीनंतरही मध्यरात्री डोळा उघडतो आणि कैद्यांची गिनती जुळली का, हा विचार आधी येतो. तू विचारलंस, "काका, ड्युटीवरची पोरं म्हणतात तूच आमच्या वतीने साहेबांशी बोल. घेऊ का अंगावर?" शिवाय तुझ्या सर्कलचा, म्हणजे तुरुंगातल्या तुझ्या भागाचा, तो शिपाई निलंबित झालाय, त्याचं काय करायचं तेही विचारलंस. फोनवर मी नुसतं हं हं केलं. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

घे अंगावर. तुझे वडील आज असते तर त्यांनी आधी तुला चार शब्द सुनावले असते आणि मग हेच सांगितलं असतं.

आता मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. साल आणि कारागृह राहू दे. झडतीत एका बराकीच्या संडासामागे मोबाइल सापडला. रात्री तिथे ड्युटीला असलेला शिपाई दुसऱ्या दिवशी निलंबित. कोकणातला मुलगा, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्या रात्री त्याच्याकडे एकट्याकडे चार बराकी होत्या. दोघे रजेवर, एक आजारी, आणि हा आधीची पाळी संपवून घरी न जाता तसाच थांबलेला. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. चौकशीच्या पहिल्या तारखेला तो एकटाच आत गेला. समोर चौकशी अधिकारी, बाजूला खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी, आणि त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी. बचाव सहायक कोण, असं विचारल्यावर तो म्हणाला, "कोणी नाही, साहेब." त्याच वेळी आम्ही सात-आठ जण बाहेर टपरीवर चहा पीत त्याच्याबद्दल हळहळत होतो.

आपल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे शिस्त व अपील नियम १९७९ चे आहेत. मोठ्या शिक्षेची चौकशी नियम ८ खाली चालते आणि तिथे कर्मचाऱ्याला दुसऱ्या सरकारी कर्मचाऱ्याची मदत घेता येते. इतकी साधी तरतूद, पण ती आमच्यापैकी कोणी वाचलेली नव्हती. दुसऱ्या तारखेला मी त्या खुर्चीवर बसलो. मला उलटतपासणी येत नव्हती, घाम फुटला होता. एवढं मात्र सुचलं की ड्युटी वाटपाची वही मागवावी. ती मिळायला दोन महिने लागले. वहीत त्याच्या सलग दोन पाळ्या स्पष्ट दिसत होत्या, आणि समोर त्याचीच सही. सादरकर्ता अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, "एवढं अवघड होतं तर तेव्हाच लेखी का कळवलं नाही?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. नोकरी वाचली, वेतनवाढ रोखली गेली. पण तो प्रश्न मी घरी घेऊन आलो आणि अजून तो माझ्यापाशी आहे. घटना घडायच्या आधी त्या वहीत कोणीतरी एक ओळ लिहायला हवी होती: "आज चार बराकींवर एकच कर्मचारी आहे, जादा मनुष्यबळ मिळावे." एकट्या शिपायाला ती लिहायचं धाडस होत नाही. उद्या साहेब काय म्हणतील, रजा अडेल, बदली कुठे होईल, हे त्याच्या डोक्यात असतं. दहा जणांनी मिळून लिहिली तर ती तक्रार राहत नाही, माहिती होते. तुझं पहिलं काम हे. रोजच्या वहीतली ती ओळ.

आकडे पाठ ठेव, ते बोलताना कामी येतात. आर्थर रोडची मंजूर क्षमता कित्येक वर्षं ८०४ धरली जायची आणि आत अडीच-तीन हजार माणसं असायची. केंद्राने २०१६ मध्ये राज्यांना पाठवलेल्या आदर्श कारागृह नियमावलीत दर सहा बंद्यांमागे एक रक्षक असावा असं म्हटलंय. तुझ्या सर्कलला रात्री प्रत्यक्ष किती असतात, ते महिनाभर रोज लिहून काढ. निवेदनात "कर्मचारी कमी आहेत" असं लिहू नकोस, तारीखवार तक्ता जोड. आणि हे फक्त आपल्या पाठदुखीचं गाऱ्हाणं नाही. जिथे एक माणूस दोनशे जणांवर लक्ष ठेवतो तिथे बराकीतला दांडगा कैदीच कारभार चालवतो, आणि गरीब कच्चा कैदी मार खातो. न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८०–८३ मध्ये तुरुंग सुधारणांचा अभ्यास केला, तेव्हा कैद्यांच्या हालांबरोबर कर्मचाऱ्यांच्या हालांचीही दखल घेतली होती. दोन्ही एकाच भिंतीआडचे आहेत.

संपाचं तुझ्या बरोबरीची पोरं बोलतात, ते मी ओळखून आहे. १९८२ मध्ये मी वरळीच्या बीडीडी चाळीत राहत होतो, नोकरी लागायची होती. त्या वर्षीच्या ऑगस्टात मुंबईच्या पोलीस शिपायांचा उद्रेक झाला, १८ तारखेला लष्कर बोलवावं लागलं. पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली आणि कित्येकांची नोकरी गेली. आमच्या मजल्यावर दोन घरांत महिनोन् महिने चूल कशी पेटली, ते मी पाहिलंय. मागण्या खऱ्या होत्या, ड्युटीचे तास खरे होते. पण किंमत बायकापोरांनी मोजली. २००३ मध्ये तामिळनाडूच्या रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा हक्क नाही असं स्पष्ट म्हटलं. आपल्या वर्तणूक नियमांतही संपाला मनाई आहे. माझी उमेद ज्या १८९४ च्या तुरुंग कायद्याखाली गेली, त्याच्या कलम ५४ मध्ये परवानगीशिवाय किंवा दोन महिन्यांची लेखी सूचना न देता काम सोडणाऱ्या तुरुंग कर्मचाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होती. म्हणजे पहाऱ्यावरून उठून गेलेला माणूस त्याच दाराने कैदी म्हणून आत. इंग्लंडमध्ये तुरुंग अधिकाऱ्यांची संघटना १९३९ पासून आहे, तिथेही १९९४ च्या कायद्याने संपाची वाट अडवली. हे मला मनापासून पटतं असं नाही. पण तुझ्या भरवशावर कोणी नोकरी गमावता कामा नये.

एकत्र येणं मात्र वेगळं, आणि इथे घाबरायचं कारण नाही. पोलिसांवर संघटना करायला बंधनं घालणारा १९६६ चा हक्क मर्यादा कायदा आहे. आपली वर्दी खाकी आणि खातंही गृहच, म्हणून लोक आपल्याला त्यातच धरतात. तो कायदा पोलीस दलांसाठी केलेला आहे. आपण कारागृह व सुधारसेवा विभागाचे. कोणी तोंडी म्हणालं "तुम्हाला संघटना करता येत नाही," तर नम्रपणे विचार, साहेब, कोणत्या नियमाने, लेखी मिळेल का. मुंबईच्याच लेखापरीक्षण खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, ओ. के. घोष विरुद्ध ई. एक्स. जोसेफ, सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच ठरवलं की सरकारची मान्यता नाही एवढ्यावरून कर्मचाऱ्याला संघटनेत जायला बंदी करता येत नाही. संपावरची बंदी मात्र त्याच निकालाने कायम ठेवली. दोन्ही भाग वाच. आपल्या सोयीचा अर्धाच वाचणारे प्रतिनिधी मी पुष्कळ पाहिलेत.

आमदाराची चिठ्ठी आणायची नाही. वर्तणूक नियमांत राजकीय दबाव आणणं हाच दोष आहे, आणि चिठ्ठीने झालेली बदली दुसऱ्या चिठ्ठीने फिरते. निवेदनाची पोच घे, तारखेच्या शिक्क्यासह. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर पुढच्या एका वर्षात महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात म्हणजे मॅटमध्ये जाता येतं. वर्ष उलटलं की आधी उशिराची माफी मागत बसावं लागतं. कित्येक खरी प्रकरणं नुसती तारीख चुकल्याने बुडाली.

महिला कर्मचाऱ्यांना तुझ्या मागे उभं करू नकोस, बरोबरीने बसव. कपडे बदलायला खोली नसणं, लहान मूल घरी टाकून सलग पाळी करणं, हे पुरुष प्रतिनिधीच्या यादीत नेहमी शेवटी येतं. २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत तक्रार समिती कागदावर आहे की खरोखर बसते, ते त्यांनाच विचार. आणि छातीचा एक्स-रे. क्षयाचे रुग्ण असलेल्या बराकीत आपण रोज श्वास घेतो. मे २०२० मध्ये आर्थर रोडमध्ये कैदी आणि कर्मचारी मिळून शंभरावर लोकांना कोरोना झाला, तेव्हा टाळेबंद तुरुंगांत कर्मचारीही आतच राहिले. त्या दिवसांत घरी काय चाललं होतं, हे फार थोड्या लोकांनी विचारलं. नियमित तपासणीची मागणी कधीही मागे घेऊ नकोस.

एक अवघड गोष्ट. कधी ना कधी असा माणूस तुझ्याकडे येईल ज्याने कैद्याला खरोखर मारलंय. २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहातल्या एका बंदीचा मृत्यू झाला आणि सहा कर्मचाऱ्यांना खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली. ती बातमी वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. अशा वेळी चौकशी नियमाने व्हावी, कागदपत्रं मिळावीत, म्हणणं ऐकलं जावं, एवढ्यासाठी त्याच्या शेजारी बस. साक्षीदाराला गप्प करायला जाऊ नकोस, वहीचं पान बदलू देऊ नकोस. पोरं नाराज होतील. होऊ देत.

आता तुझा तो शिपाई. निलंबनाला तीन महिने होत आले म्हणालास. दोषारोपपत्र मिळालंय का ते पहा; सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या अजय कुमार चौधरी निकालानुसार ते न देता निलंबन तीन महिन्यांपुढे ओढता येत नाही. निलंबनात पगाराऐवजी मिळणारा निर्वाहभत्ता तीन महिन्यांनंतर वाढवता येतो, पण अर्ज केल्याशिवाय कोणी आपणहून वाढवत नाही. दुसरीकडे नोकरी करत नसल्याचा दाखला त्याने दर महिन्याला दिलाय का? नसेल तर उद्याच द्यायला लाव. त्याच्या घरी जाऊन ये, हात हलवत जाऊ नकोस, पोरांसाठी काहीतरी ने.

रविवारी दुपारी भांडुपला ये, त्यालाही आण. निलंबनाचा आदेश, त्या आठवड्याच्या ड्युटी वाटपाची नक्कल मिळाली तर ती, आणि कोरे कागद. काकू जेवायला थांबवणारच आहे. चौकशीत तुला बसायचंय, तेव्हा प्रश्न तू लिहायचेस. मी फक्त वाचून दाखवेन कुठे अडकशील ते.

तुझा,
काका