रोजची गोळी चालू होती, मग 80 चा डोस कशाला?

प्रश्न : बाबा 63 वर्षांचे आहेत. चार वर्षं रोज रात्री अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन 20 घेतात. दिवाळीत हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा अँजिओप्लास्टीच्या आधी त्याच औषधाचे 80 मिलिग्रॅम दिले. कोलेस्टेरॉल काय तासाभरात उतरतं? आता मांड्या दुखतात म्हणून ते गोळीच सोडायची म्हणतात. – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमची शंका रास्त आहे. तो डोस कोलेस्टेरॉलसाठी नव्हताच.

बंद धमनी उघडली की आम्हाला कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीत, हायसं वाटतं, आणि नेमके तेव्हाच मॉनिटरवर कधीकधी ठोके बेताल होतात. रक्त अचानक परतलं की उपाशी पेशींत कॅल्शियम साचतं, मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांच्या) पडद्यात छिद्रं उघडतात आणि तोवर तग धरलेल्या पेशीही मरतात. ही इजा रोखण्यासाठी मी वर्षानुवर्षं धडपडतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आयत्या वेळी दिलेलं स्टॅटिन (अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ज्या गटातलं आहे ते औषध) पेशींमधली बचावाची यंत्रणा जागी करतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. लंडनच्या संशोधकांनी 2005 मध्ये उंदरांना हेच औषध रोज दिलं. पहिले काही दिवस हृदय वाचलं, पण एक-दोन आठवड्यांत तो फायदा ओसरला. पेशींनी त्या यंत्रणेला लगाम घालणारं प्रथिन वाढवलं होतं. ऐनवेळी मोठा डोस देताच संरक्षण परतलं. बाबांना रोजची गोळी असूनही 80 का दिले, त्यामागचा विचार हा.

माणसांत चित्र इतकं स्वच्छ नाही. ब्राझीलमध्ये 4191 रुग्णांवर केलेल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा डोस देऊन 30 दिवसांत एकूण फरक पडला नाही. प्रत्यक्ष अँजिओप्लास्टी झालेल्यांत मात्र फायद्याची चिन्हं होती. तेवढ्यावर मी तो देतो.

गोळी सोडण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. छातीत दुखून दाखल झालेल्या ज्या रुग्णांचं स्टॅटिन थांबवलं गेलं, त्यांना चालू ठेवलेल्यांपेक्षा जास्त धोका झाला, हे 2002 मध्येच दिसलं. झटक्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत तर बाबांनी परस्पर बंद करूच नये. सीपीके (स्नायूंना इजा झाली का हे सांगणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइड तपासून घ्या, सोबतच्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करता येतो, रोझुव्हास्टॅटिन या त्याच गटातल्या दुसऱ्या औषधावर जाता येतं. लघवी कोऱ्या चहासारखी गडद होऊ लागली, तर मात्र पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा.