वाचकांचे प्रश्न : एएम हर्क्युलिस मंद झाला म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे ८ इंची टेलिस्कोप आणि साधा कॅमेरा आहे, शेतावरून फोटो काढतो. शौरी तारकासमूहातला एएम हर्क्युलिस एका वर्षी १३व्या प्रतीच्या आसपास होता, पुढच्या सीझनला बघतो तर १५व्या प्रतीचा. तारा विझत चाललाय का, की माझंच मोजमाप चुकलं? आणि ह्याला काही ठरलेला पिरियड असतो का?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : मोजमाप बहुतेक बरोबर आहे. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. दोन प्रतींचा फरक म्हणजे प्रकाश सहा पटींनी कमी, एवढी चूक कॅमेरा सहसा करत नाही. प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण ह्या ताऱ्यावर माझा स्वतःचा खूप जीव आहे.

तिथे एक तारा नाहीये, जोडी आहे. एक श्वेत बटू, म्हणजे सूर्याच्या पाऊण पट वस्तुमान पण आकार साधारण पृथ्वीएवढा, आणि दुसरा लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड तारा. दोघं ३ तास ६ मिनिटांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात आणि इतके जवळ आहेत की अख्खी जोडी आपल्या सूर्याच्या पोटात मावेल. लाल बटूच्या श्वेत बटूकडे तोंड असलेल्या टोकावरून वायू निसटतो आणि शेजाऱ्यावर पडत राहतो, आपल्याला दिसतो तो बराचसा प्रकाश ह्या पडण्यातून आलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. इतर बहुतेक अशा जोड्यांमध्ये हा वायू थेट पडत नाही, श्वेत बटूभोवती आधी एक चकती तयार होते आणि त्यातून तो हळूहळू आत जातो. म्हणजे सोसायटीच्या गच्चीवरची टाकी समजा, बाहेरून पाणी येणं बंद झालं तरी तुमच्या नळाला काही वेळ पाणी येतच राहतं, पत्ताच लागत नाही. एएम हर्क्युलिसमध्ये टाकीच नाही. श्वेत बटूचं चुंबकीय क्षेत्र सुमारे १.४ कोटी गॉस आहे (पृथ्वीचं जेमतेम अर्धा गॉस!) आणि ते चकती बनूच देत नाही, वायूला पकडून सरळ चुंबकीय ध्रुवाकडे नेतं, तिथे तो सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगाने आदळतो आणि क्ष-किरण निघतात. त्यामुळे वायूचा पुरवठा कमी झाला रे झाला की तारा लगेच मंद दिसतो. म्हणून मी नेहमी सांगतो, ह्या ताऱ्याचा लाइट कर्व्ह (वेळेनुसार तेज कसं बदललं त्याचा आलेख) म्हणजे लाल बटूच्या नळाचं मीटर आहे.

म्हणजे तुम्ही मंद पाहिलात तेव्हा तारा विझत नव्हता, नळ बंद होता. उलट अशा वेळी शास्त्रज्ञांची चंगळ असते, कारण एरवीचा झगमगाट नसतो आणि दोन्ही तारे त्यांच्या मूळ रूपात दिसतात, श्वेत बटूचं तापमान साधारण २० हजार केल्विन आहे हे अशाच मंद काळात नीट मोजता आलं.

मग नळ कोण बंद करतं? १९९४ मध्ये लिव्हिओ आणि प्रिंगल ह्या दोन खगोलशास्त्रज्ञांनी मांडलेली कल्पना मला सगळ्यात पटते : सूर्यावर डाग येतात तसे लाल बटूवरही येतात, हा तर तीन तासांत गरगर फिरणारा म्हणून त्याच्यावर डागांची रेलचेल असणार, आणि असा मोठा डाग सरकत सरकत नेमका वायू निसटतो त्या टोकाखाली आला की तिथला प्रवाह दबतो, डाग सरकला की पुन्हा सुरू. शिक्कामोर्तब अजून झालेलं नाही. पण ठरलेला पिरियड सापडत नाही हे ह्या कल्पनेशी छान जुळतं, कधी काही आठवडे मंद, कधी कित्येक महिने.

हे कळलं ते जुन्या नोंदींमुळे. हा तारा बदलतो हे खगोलशास्त्रज्ञ माक्स वोल्फ यांनी १९२३ मध्येच जर्मनीत पाहिलं होतं, पण त्यात खास काय ते १९७६ मध्ये कळलं, जेव्हा तो क्ष-किरणांचा स्रोत निघाला आणि खगोलशास्त्रज्ञ टापिया यांना त्याचा प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित (पोलराइज्ड), म्हणजे लहरींची दिशा गोल फिरत येणारा, असल्याचं आढळलं, ही जोरदार चुंबकीय क्षेत्राची खूण. त्यावरूनच अशा जोड्यांना पोलर म्हणायला लागले. मग हार्वर्ड वेधशाळेच्या काचेच्या प्लेट्स, म्हणजे काचेवर घेतलेले आकाशाचे जुने फोटो, काढून १८९० पर्यंत मागे जाऊन बघितलं, तिथेही हेच चढउतार! पुढच्या काळातल्या कित्येक नोंदी हौशी लोकांनी डोळ्याने केलेल्या आहेत आणि त्यांच्यावर पेपर निघालेत.

यमुना तारकासमूहातला ईएफ एरिडानी हा दुसरा पोलर तर १९९७ मध्ये मंद झाला तो मधल्या एक-दोन छोट्या उसळ्या सोडल्या तर २०२२ संपत येईपर्यंत तसाच होता. पंचवीस वर्षं कोणीतरी त्या रिकाम्यासारख्या जागेकडे बघत राहिलं म्हणून तो परत आलेला कळलं.

आता तुमच्यासाठी कामाचं. एका फोटोवरून निष्कर्ष काढू नका, एका फेरीतच तेज बरंच वरखाली होतं, तेव्हा सलग तीन तास फोटो घ्या. अभिजितच्या उत्तरेला, कालेयच्या डोक्याजवळ आहे. आपली अडचण म्हणजे तो मध्यरात्री सगळ्यात उंच येतो तो जूनअखेरीस, ऐन पावसात, म्हणून एप्रिल-मे मध्ये रात्री उशिरा आणि ऑक्टोबरमध्ये अंधार पडल्या पडल्या गाठायचा. आणि नाही दिसला तरी नोंद करा. मी पहिल्यांदा शोधला तेव्हा मे महिन्याची रात्र होती, शेजारचा १३.८ प्रतीचा तारा कसाबसा दिसत होता आणि ह्याच्या जागी काहीच नाही, वहीत लिहिलं 'नाही दिसला', आणि माझ्याबरोबरच्या जुन्या निरीक्षकाने पेन घेऊन दुरुस्त केलं : '१३.८ पेक्षा मंद'. तीच खरी नोंद, बदलत्या ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या अमेरिकेतल्या एएव्हीएसओ ह्या संस्थेकडे अशीच पाठवतात. फक्त वेळ जागतिक वेळेत लिहा, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून, पहाटे साडेपाचच्या आधीचा फोटो असेल तर तारीखही आदल्या दिवसाची येते.