ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलं तर काय बिघडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ वर्षांची डिझेल गाडी आहे, परवा ऑइल बदललं, घरी येऊन डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, काढून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणतो, जास्त असलेलं बरं. मग इंजिनाला मोजूनमापूनच ऑइल का लागतं, आणि थोडं जास्त झाल्याने खरंच काही होतं का?

होतं. पण तुमच्या मेकॅनिकला मी नावं ठेवणार नाही. हीच चूक मी त्याच्या दुप्पट केलेली आहे, ती पुढे सांगतो.

चाळीसगावात माझं गॅरेज आहे, तेवीस वर्षं झाली. आमच्याकडे ऑइल कमी पडण्याची भीती सगळ्यांना, जास्तीची कोणालाच नाही. डबा पाच लिटरचा, गाडीला लागतं साडेचार. उरलेलं अर्धा लिटर बघून गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "टाकी दे ना भो, जास्ती व्हयनं ते काय बिघडस?" पैसे दिलेत, मग डब्यात कशाला ठेवायचं! बहुतेक गाड्यांत ऑइल जास्त होतं ते याच हिशेबाने.

आधी कमी ऑइलचं बघू, म्हणजे जास्तीचं आपोआप कळेल. तुमच्याकडे विहीर असेल तर ही गोष्ट तुम्ही डोळ्यांनी बघितलेली आहे. मे महिन्यात पाणी खाली जातं, फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो, मोटर तर फिरते पण पाइपातून फसफस करत नुसती हवा. इंजिनाच्या तळाशी जे चेंबर असतं ती विहीर समजा. त्यात बुडालेली जाळी म्हणजे फुटव्हॉल्व्ह, आणि वर ऑइल पंप. पंप तिथून ऑइल ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि दाबाने क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा), कॅमशाफ्ट, टर्बो, सगळीकडे पाठवतो. फरक एवढाच की विहिरीचं पाणी जागेवर असतं, चेंबरमधलं ऑइल वळणावर एका बाजूला पळतं, चढावर मागे सरतं. सपाट रस्त्यावर जाळी बुडालेली दिसली तरी घाटात ती उघडी पडते.

आणि उघडी पडली तर किती वेळात नुकसान होतं? तीन हजार आरपीएमला क्रँक एका सेकंदात पन्नास वेळा फिरतो. तो बेअरिंगमध्ये फिरतो म्हणतो आपण, पण खरं तर तो बेअरिंगला टेकतच नाही. मधे ऑइलचा केसाहूनही बारीक थर असतो, त्यावर तरंगत फिरतो. थर तुटला की धातूवर धातू. बेअरिंगचा धातू मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणून आधी तोच खरवडला जातो.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक गाडी कन्नडच्या घाटातून टोचन करून माझ्याकडे आणली. मालक सांगत होता, वळण आलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा, सरळ रस्ता लागला की बंद व्हायचा. त्याला वाटलं वायर लूज आहे. अहो, तो दिवा ऑइल किती आहे ते सांगतच नाही, दाब आहे की गेला एवढंच सांगतो. वळणावर जाळी हवा ओढत होती, दिवा बरोबर होता. वरच्या टप्प्यावर खडखड सुरू झाली तरी त्याने अजून दोन किलोमीटर रेटली. मी खालचा बोल्ट काढला तेव्हा जेमतेम दीड लिटर ऑइल निघालं. परातीत उन्हात धरलं तर त्यात चमकी, जशी रांगोळीत टाकतात तशी. ते बेअरिंग होतं. क्रँक लेथवर पाठवला, एक कनेक्टिंग रॉड बदलला, पोराच्या अ‍ॅडमिशनला ठेवलेले पैसे इंजिनात गेले.

आता तुमचा मुद्दा, जास्तीचा.

क्रँक फिरतो ती जागा आणि चेंबरमधल्या ऑइलची पातळी, यांच्यात कंपनीने जागा सोडलेली असते. डिपस्टिकवरची वरची खूण त्या हिशेबाने असते, उगाच नाही. ऑइल त्या जागेत चढलं की क्रँकचे वजनी भाग प्रत्येक फेऱ्यात त्यात आपटतात. सेकंदाला पन्नास वेळा. ताक करताना रवी फिरवली की वर काय येतं? फेस. इथेही तेच. आणि पंप मग तो फेस ओढतो. फेस म्हणजे निम्मी हवा, हवा दाबली की दबते, त्यामुळे बेअरिंगला हवा तो थर मिळत नाही. म्हणजे ऑइल भरपूर असून बेअरिंग उपाशी. कमी ऑइलने जो आजार होतो तोच, फक्त दुसऱ्या दाराने आलेला. शिवाय ऑइल घुसळलं की तापतं, आणि तापलेलं ऑइल पातळ होतं. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ ला टेकतो, तेव्हा त्याला आणखी तापवायची गरज नाही.

पेट्रोल गाडीत याचा पुढचा प्रताप म्हणजे सायलेन्सरमधून निळा धूर, आणि तो फार दिवस चालला तर सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब. क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं तर ऑइल क्लचवर उतरतं, मग गाडी रेस होते पण पळत नाही.

डिझेलमध्ये मात्र गंमत नाही. ही माझी चूक. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, दुसऱ्याच्या गॅरेजवर हेल्पर. पॅसेंजरची जीप आली, तापलेली, नुकतीच बंद केलेली. मी लगेच काडी काढून बघितली, ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. दोन लिटर ओतलं. इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्ये, चढलेलं ऑइल अजून खाली उतरायचं होतं हे डोक्यात आलंच नाही. ड्रायव्हरने स्टार्टर मारला, दोन मिनिटं बरी चालली, मग पांढरा-निळा धूर आणि आवाज चढतच गेला. त्याने चावी फिरवली. गाडी बंद होईना! जास्तीचं ऑइल ब्रीदर पाइपातून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा पाइप) हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलं होतं आणि इंजिन आता डिझेलवर नाही, स्वतःच्या ऑइलवर पळत होतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, जळण्यासारखं काही आणि हवा मिळाली की झालं. उस्तादाने ओलं गोणपाट उचललं, एअर क्लीनरचा पाइप खेचून त्याच्या तोंडावर दाबून धरलं, तेव्हा कुठे ते घुसमटून बंद पडलं. (हात लावायचा नाही तिथे, हात ओढून घेतं.) मला त्यांनी शिवी दिली नाही. संध्याकाळपर्यंत बोललेच नाहीत, ते जास्त लागलं.

तुमच्या गाडीचं हे होईल असं मी म्हणत नाही. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचं असतं. बोटभर वर म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास धरा. एखाद-दोन मिलिमीटर वर असतं तर मी म्हटलं असतं सोडून द्या. बोटभर मात्र काढायलाच हवं, आणि तोवर हायवेला नेऊ नका.

पण आधी नीट मोजा. गाडी सपाट जागेवर, अंगणाच्या उतारावर नाही. इंजिन गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा. काडी काढून पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा, आणि ती दुसरी वेळ खरी. अजूनही वरच असेल तर मेडिकलमधून मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी आणा, डिपस्टिकच्या भोकातून नळी खाली सोडा आणि थोडं थोडं ओढून काढा. खालचा बोल्ट सैल करून थोडंसंच काढू असं डोक्यात आणू नका, गरम ऑइल बाहीत शिरतं आणि बोल्ट परातीत पडतो.

कोणतं ऑइल घालायचं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तेच घाला. खान्देशात ऊन जास्त म्हणून जाड ऑइल घालणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या, कारण हे वाचणाऱ्यांत नव्या गाडीवालेही असतील. कोणी न ओतता पातळी वर चढत असेल तर ते साधं प्रकरण नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर जाळून साफ करतात, त्यासाठी जादा डिझेल सोडतात. गाडी रोज गावातल्या गावात फिरत असेल तर ते काम अर्धवट राहतं आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. काडीचा वास घ्या, कळतं. आणि काडीवर ऑइलऐवजी दुधाच्या चहासारखं काही दिसलं तर रेडिएटरचं पाणी आत येतंय, गाडी स्टार्टच करू नका.

तुमचं ऑइल परवाच भरलेलं आहे, म्हणजे सिरिंजने निघेल ते चांगलंच असेल. कोरड्या, स्वच्छ बाटलीत काढा, घट्ट झाकण लावून डिकीत ठेवा. आठ वर्षांची डिझेल आहे, दिवाळीपर्यंत ती स्वतःच त्यातलं मागून घेईल.