यूएनच्या नोकऱ्या आणि स्टुडंट एक्स्चेंजची ग्रँट, दोन्हीकडे अर्ज करून थकलोय, कुणीच शॉर्टलिस्ट का करत नाही?

वर्षभरात चाळीस अर्ज, सगळीकडे तोच सीव्ही, तेच कव्हर लेटर, आणि उत्तर शून्य, असं तुम्ही लिहिलंय. वाचून हसू आलं, कारण मीही अगदी हेच केलेलं. शिवाय तुम्ही विचारलंय की एका कन्सल्टंटला पैसे देऊन अर्ज भरून घेऊ का, त्याचं शेवटी सांगते.

आधी मलाही वाटायचं की इथे ओळख लागते. मग विद्यापीठात असताना एकदा एक्स्चेंजच्या निवड समितीत विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बसायला मिळालं, काम काय तर नोंदी घ्यायच्या, पण डोळे उघडले. प्रत्येकासमोर एक तक्ता, त्यात निकष, निकषापुढे मार्क. समोरचा पोरगा हुशार आहे का वगैरे कुणी बघतच नव्हतं, "या रकान्यासाठी अर्जात काय लिहिलंय" एवढंच शोधत होते, आणि पटकन सापडलं नाही की शून्य टाकून पुढची फाईल. माझ्यासमोर एका मुलीचे असे मार्क गेले, तिने भाषेचा कोर्स केलेला होता पण तो सर्टिफिकेटच्या गठ्ठ्यात मागे कुठेतरी होता, पत्रात एक ओळ नाही. नोकरीचंही तसंच. वाचणाऱ्याला शोधायला लावलं की संपलं.

आता यूएनचं. जॉब ओपनिंगमध्ये 'आवश्यक' आणि 'असल्यास उत्तम' असं वेगवेगळं दिलेलं असतं. आवश्यकमधली एक गोष्ट जरी कमी पडली तरी बाकी तुम्ही कितीही भारी असा, पहिल्याच चाळणीत बाहेर. साधारण हिशोब असा, की मास्टर्स असेल तर पी-२ ला ('पी' म्हणजे प्रोफेशनल, आकडा वाढेल तसं पद वरचं) दोन वर्षं अनुभव, पी-३ ला पाच, पी-४ ला सात. नुसतं ग्रॅज्युएशन असेल तर बहुतेक ठिकाणी त्यावर आणखी दोन वर्षं. आणि अनुभव महिन्यांत मोजतात, पार्टटाइम काम त्याच्या प्रमाणात. माझी फजिती इथेच झाली. अशाच एका पाच वर्षंवाल्या पदाला मी साडेपाच वर्षं म्हणून ऐटीत अर्ज केला, पण त्यातले पंधरा महिने मी हाफ टाइम होते, म्हणजे भरले साडेअठ्ठावन्न महिने आणि हवे होते साठ! दोन महिने थांबले असते तर निदान चाळणीतून तरी गेले असते.

म्हणून चाळीस अर्ज करू नका, चार करा. ओपनिंग समोर घ्या, त्यातली प्रत्येक जबाबदारी वाचा आणि फॉर्ममध्ये तुमच्या प्रत्येक नोकरीखाली त्याच शब्दांत तुमचं काम लिहा. त्यांनी 'प्रोक्योरमेंट' म्हटलं असेल तर तुम्ही 'खरेदी विभागात मदत' लिहू नका. नुसतं 'रिपोर्ट तयार केले' याला काही अर्थ नाही, किती केले, कुणासाठी, त्यावरून पुढे काय ठरलं ते लिहा. फॉर्ममध्ये 'सीव्ही पाहा' असं लिहून रकाने मोकळे सोडणारेही खूप असतात, ते तर स्वतःच स्वतःचा अर्ज बाद करतात. सबमिट केल्यावर बदल करता येत नाही, आणि यूएन सेक्रेटरिएटच्या पदांची शेवटची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे असते, हे आधी बघून ठेवा.

इंटरव्ह्यूपर्यंत गेलात तर प्रश्न बहुतेक "असा एखादा प्रसंग सांगा जेव्हा तुम्ही..." असेच येतात. 'मी असं करेन' हे उत्तर चालत नाही, घडलेलं सांगावं लागतं: परिस्थिती काय होती, तुम्ही काय केलंत, निष्पन्न काय झालं. आणि इथे आपली एक खोड नडते, आपण सारखं 'आम्ही केलं, आम्ही ठरवलं' म्हणतो. 'मी केलं' म्हणायला जीभ अडखळते, स्वतःची टिमकी वाजवल्यासारखं वाटतं. पण पॅनेलला त्या 'आम्ही'मध्ये तुम्ही कुठे होतात तेच कळत नाही. मी आरशासमोर उभं राहून आठवडाभर 'मी' म्हणायची प्रॅक्टिस केली होती, खोटं नाही सांगत. निवड नाही झाली तरी पॅनेलने योग्य ठरवलं असेल तर नाव रोस्टरवर, म्हणजे आधीच पास झालेल्यांच्या यादीत, जाऊ शकतं, आणि तिथून पुढे तशाच पदावर घेतात, त्यामुळे 'नाही' म्हणजे प्रत्येक वेळी नाहीच असं नसतं.

अनुभव कमी असेल तर आत शिरायच्या वाटा वेगळ्या आहेत. यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम, म्हणजे वायपीपी, ही परीक्षा आहे, ग्रॅज्युएशन पुरतं आणि वय परीक्षेच्या वर्षी ३२ पर्यंत. पण तुमचा देश त्या वर्षीच्या सहभागी देशांच्या यादीत असायला हवा. यादी दरवर्षी बदलते, म्हणून अभ्यासाला बसण्याआधी यादी बघा. जेपीओच्या (ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर) जागांचा पैसा वेगवेगळ्या देशांची सरकारं देतात, त्यामुळे त्या बहुतेक त्यांच्याच नागरिकांना मिळतात. यूएन व्हॉलंटियर्स (१९७० पासून, मुख्यालय बॉनला) मला सगळ्यात प्रामाणिक वाट वाटते, कारण तिथे राहण्या-जेवण्यापुरता भत्ता मिळतो आणि प्रत्यक्ष काम हाती येतं. सेक्रेटरिएटची इंटर्नशिप मात्र बिनपगारी, खर्च आपला, तेव्हा खिसा बघून.

एक्स्चेंजमध्ये तुमची चूक वेगळी आहे. तुम्ही लिहिलंय की तिकडच्या विद्यापीठांना थेट ईमेल केले. ते दार चुकीचं आहे. इरॅस्मससारखी (युरोपियन युनियनची, १९८७ ला सुरू झालेली) सेमिस्टरची ग्रँट दोन विद्यापीठांतल्या करारावर चालते, तुमचं विद्यापीठ तुम्हाला नॉमिनेट करतं, मग तिकडची फी लागत नाही. त्यामुळे पहिली पायरी म्हणजे आपल्याच विद्यापीठाचं इंटरनॅशनल ऑफिस, आणि तिथली आतली तारीख बाहेरच्या तारखेच्या कितीतरी आधी असते. करारच नसेल तर तिकडच्या प्रोफेसरचं कितीही गोड उत्तर आलं तरी उपयोग नाही.

इरॅस्मस मुंडस हे वेगळं प्रकरण, नावावरून गोंधळू नका. तो पूर्ण मास्टर्स आहे, किमान दोन देशांत, अर्ज थेट त्या कोर्सकडे, स्कॉलरशिप महिन्याला १४०० युरो, आणि बहुतेक कोर्सचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत. चेवनिंगला, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मास्टर्सच्या स्कॉलरशिपला, २८०० तास कामाचा अनुभव मागतात आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, ही अट आवडत नसेल तर निबंध लिहायचे कष्टच घेऊ नका.

तुमच्या मोटिव्हेशन लेटरचा पहिला पॅरा तुम्ही प्रश्नात टाकलाय, "लहानपणापासून जग बघायचं स्वप्न". काढून टाका. दुसरा पॅरा त्या विद्यापीठाच्या कौतुकाचा, तोही काढा, त्यांना माहितीये ते. त्याऐवजी तिथले कुठले तीन कोर्स घेणार, ते तुमच्याकडे का नाहीत, त्यांची क्रेडिट्स इथे कशी जुळतील, आणि परत आल्यावर ते कुठे वापरणार, हे लिहा. शिफारसपत्र विभागप्रमुखांकडून घ्यायचा मोह होतो, पण ज्यांनी तुमचं काम तपासलंय अशा सरांकडून किंवा मॅडमकडून घ्या, आणि त्यांना निकषांचा कागद द्या, नाहीतर 'मुलगा मेहनती आहे' एवढंच येतं.

कन्सल्टंटचं म्हणाल तर नको. यूएन कुठल्याही टप्प्यावर फी घेत नाही, ना अर्जाला ना इंटरव्ह्यूला ना ट्रेनिंगला, त्यामुळे 'जागा पक्की करून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ ब्लॉक करा. आणि नुसता अर्ज लिहून देणारा असेल तरी तो तोच साचा दहा जणांना देणार. त्यापेक्षा तुमचा अर्ज आणि ओपनिंग एखाद्या कडक मैत्रिणीच्या हातात द्या, आणि सांगा की दहा मिनिटांत प्रत्येक अटीपुढे पुरावा शोधून खूण कर. जिथे तिला सापडणार नाही ती ओळ परत लिहा.