जुनी स्पोर्ट्स कार घरच्या घरी उघडून पुन्हा रंगवणे शक्य आहे का? रंग कोणता घ्यावा आणि खर्च किती येतो?

शक्य आहे. रंगाबद्दल मी सविस्तर सांगतो. खर्चाबद्दल मात्र माझ्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये, कारण तिसऱ्या महिन्यात मी हिशेबाची वही बंद केली ती पुन्हा उघडली नाही. प्रश्नकर्त्याने गाडी कोणती हे लिहिलेले नाही, फक्त ‘मामांकडून आलेली दोन आसनी ब्रिटिश गाडी’ एवढेच म्हटले आहे आणि शेवटी ‘घरी रंगवलेली गाडी टिकत नाही असे सगळे म्हणतात, ते खरे का?’ असे विचारले आहे. मी हे उत्तर लिहायला बसलो तो या शेवटच्या वाक्यामुळे. हेच वाक्य गेली पंधराहून अधिक वर्षे मी माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या, तोंडून, बहुधा जेवणाच्या पंगतीत, ऐकत आलो आहे.

आमच्याकडे कोल्हापुरात वडिलांची १९५१ची एमजी टीडी ही दोन आसनी ब्रिटिश गाडी आहे. हल्ली एमजी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर २०१९पासून रस्त्यावर दिसू लागलेली उंच गाडी येते. ही ती नव्हे. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात चार-एक वर्षांत सुमारे तीस हजार टीडी तयार झाल्या, त्यांतील बहुतेक अमेरिकेला गेल्या आणि थोड्या इकडे आल्या. इंजिन १२५० सीसीचे आहे आणि त्याच्या बोल्टचे आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाची असा विचित्र संसार आहे. एक बोल्ट हरवला तेव्हा उद्यमनगरातील लेथवाल्याने तो हातात फिरवून ‘हा कोणी शुद्धीवर असताना केलेला नाही’ असा शेरा मारला होता. रंगाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की या गाडीचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो. सांगाडा कुजला असेल तर वरून कितीही रंग द्या, दारे लोंबतात आणि कोपऱ्यांत रंगाला तडे जातात. मूळ लाकूड ॲशचे होते. आम्ही सागवान वापरले, आणि सागवानातील तेलामुळे सांधे चिकटेनात म्हणून सुताराने प्रत्येक सांधा आधी थिनरने पुसून मगच जोडला.

२००८च्या जानेवारीत मी रंग उतरवायला सुरुवात केली. वर वडिलांनी दिलेला लाल, त्याखाली कोणीतरी दिलेला आकाशी, आणि डॅशबोर्डाच्या मागे, जिथे कोणाचा हात पोहोचला नव्हता, तिथे कारखान्यातला काळा सापडला. डाव्या मागच्या मडगार्डावरून जवळजवळ अर्धा इंच जाडीची लांबी, म्हणजे खड्डे भरायचा लगदा, निघाली. त्या लांबीखाली पत्रा नव्हता. गंजून पडलेल्या भोकात कोण्या महाभागाने वर्तमानपत्राचा बोळा कोंबून त्यावर लांबी थापली होती, आणि बोळा उलगडल्यावर त्यावरची साबणाची जाहिरात स्वच्छ वाचता येत होती. हे काम घरी झालेले नव्हते. ते पैसे मोजून, पावती घेऊन, बाहेरच्या गॅरेजात करून घेतलेले होते, आणि ही पावती मी दादांना दोनदा दाखवली आहे.

गाडी उघडून दीड वर्ष झाले तरी ती शेडमध्ये सुटी पडलेली पाहून दादांचा धीर सुटला. त्यांनी पुण्यात एक बूथवाला, म्हणजे बंद खोलीत गाड्या रंगवणारा, शोधला होता, जो गाडी पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंगात आरशासारखी करून देणार होता. मी नाही म्हटले, तेव्हा त्यांनी अट घातली की येत्या खंडेनवमीच्या पूजेला गाडी रंगवून दारात उभी हवी, नाहीतर ती बाहेर द्यायची. २००९ साली दसरा सप्टेंबरच्या अखेरीस आला होता. सप्टेंबरातील कोल्हापूर ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे सांगायला नको, पण प्रश्नकर्ते कोठले आहेत हे माहीत नसल्यामुळे सांगतो, की तेव्हा पाऊस सरलेला नसतो आणि हवा दमट असते.

मी निवडलेला रंग एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, ज्याला आपल्याकडे जुनी माणसे सरसकट ड्युको म्हणतात तो. तो केवळ थिनर उडून गेल्याने वाळतो, आणि दुसरा हात मारला की पहिल्यात विरघळून मिसळतो. थिनर उडताना पत्रा गार पडतो, आणि हवा दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर ओल धरते. दुपारी चार वाजता सर येऊन गेली होती, आणि मी थांबायला हवे होते तेव्हा बॉनेटवर तिसरा हात मारला. माझ्या डोळ्यांदेखत तो काळाभोर पत्रा पांढुरका होत गेला, थंडीत आरशावर श्वास सोडल्यावर होतो तसा. दुसऱ्या दिवशी उन्हात संथ उडणारा रिटार्डर थिनरमध्ये मिसळून त्याचा हलका फवारा दिल्यावर पांढुरकेपणा गेला. खरी चूक मात्र त्याच्या खाली दडलेली होती. वेळ नाही म्हणून मी एनसीची लांबी जाड भरली होती आणि ती चार दिवसांत घासून वर रंग चढवला होता. एनसी लांबी वाळली असे वाटल्यानंतरही कित्येक आठवडे आतून आक्रसत राहते.

खंडेनवमीला पूजा झाली. वहिनींनी बॉनेटवर कुंकवाची पाच बोटे लावली आणि ओल्या झेंडूची माळ रेडिएटरपासून काचेपर्यंत सोडली. संध्याकाळी माळ काढली तर कोवळ्या रंगात दोऱ्याची वीण आणि पाकळ्यांचे ठसे उमटलेले, आणि कुंकवाचे ठिपके पुसले जाईनात. दिवाळीपर्यंत लांबी खाली बसली आणि तिच्याखालचे पॉलिश पेपरचे ओरखडे तिरप्या उन्हात एकेक करून वर आले. काळा रंग काही लपवत नाही. पाडव्याला सगळे जमले असताना दादा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, ‘घरी रंगवलं की असंच होतं.’

घरी रंगवल्यामुळे तसे झाले नव्हते. ते ओल आणि घाई यांमुळे झाले होते, आणि घाई माझी नव्हती.

त्याच हिवाळ्यात मी सगळा रंग पुन्हा अस्तरापर्यंत घासून काढला. या वेळी खोलगट जागी लांबीऐवजी दोन भाग मिसळून घट्ट होणारी पॉलिस्टर पुट्टी पातळ भरली, कारण ती आक्रसत नाही. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमरचे अस्तर दिले. कोल्हापुरात पत्रा उघडा ठेवून रात्री झोपलात तर सकाळी त्यावर तांबूस झाक येते, म्हणून जेवढे उघडावे तेवढे त्याच दिवशी झाकावे. अस्तरावर काळ्या रंगाची नुसती धूळ उडवून ती ठोकळ्यावर लावलेल्या वॉटर पेपरने घासली. जिथे काळे ठिपके उरतात तिथे खड्डा असतो, आणि हे तळहाताला कळत नाही ते डोळ्यांना कळते. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत, सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळातच, आठवड्याला दोन-तीन असे एकंदर बारा हात दिले. मडगार्डे सुटी करून निराळी रंगवली आणि बसवताना सांध्यात नवे बीडिंग, म्हणजे सांधा झाकणारी पट्टी, घातले. मग सहा आठवडे गाडीला हात लावला नाही. त्यानंतर १२०० ते २००० नंबरच्या वॉटर पेपरने साबणाच्या पाण्यात घासून शेवटी चकाकीसाठी कंपाउंड मारले. तो रंग आजही तसाच आहे. दादांचे यावर म्हणणे असे की दुसऱ्या वेळी डबा चांगल्या कंपनीचा होता. डबा तोच होता, निम्मा उरलेला.

तेव्हा रंगाच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की घरी करायचे असेल तर एनसी घ्यावा आणि पीयूच्या मोहात पडू नये. पीयू अधिक टणक असतो आणि पेट्रोल सांडले तरी त्याला डाग पडत नाही, हे मान्य आहे. पण त्यात बसलेली माशी किंवा आलेला ओघळ काढणे घरच्या माणसाला जड जाते, आणि तो घट्ट करण्यासाठी मिसळाव्या लागणाऱ्या हार्डनरमधील आयसोसायनेट या रसायनामुळे कायमचा दमा जडू शकतो. नाकाला बांधलेला साधा मास्क, अगदी कोळशाच्या डब्याचा असला तरी, त्यावर भरवशाचा नाही, कारण डबा संपला की नाही हे वासावरून कळत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा लागतो. एनसीतील ओघळ मात्र दुसऱ्या आठवड्यात घासून टाकता येतो, आणि नवशिक्याला ही सवलत फार मोठी आहे.

काही गोष्टी मी आधी सांगायला हव्या होत्या. एनसी आणि त्याचे थिनर भडका घेणारे असते, त्यामुळे जवळ गॅसचा गीझर, देवघरातील समई किंवा ठिणगी पडणारा स्विच नसावा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून तो कोरडा घासू नये, आणि मुलांना त्या शेडमध्ये फिरकू देऊ नये. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी अडवणारा फिल्टर नसेल तर वरचे सगळे सांगणे व्यर्थ आहे. रंग बदलणार असाल तर नोंदणी पुस्तकात त्याची नोंद करावी लागते. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते, पण त्यासाठी चॅसी (गाडीची खालची चौकट), बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही.

आपल्या गाडीचा सांगाडा लाकडी आहे, वेगळी चॅसी आहे की सगळा भार पत्र्यावरच आहे, हे आधी खाली वाकून पाहावे. पत्र्यावर भार असेल तर दारांखालची पट्टी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघावी, आणि तो आरपार गेला तर रंगाचा विचार वर्षभर बाजूला ठेवून आधी वेल्डर गाठावा. काम कधी संपेल हे घरात कोणाला सांगू नये. आणि खंडेनवमीला पूजा करायचीच असेल तर माळ बॉनेटवर न सोडता स्टिअरिंगला घालावी. वहिनी आता तसेच करतात.